फोटो काढणं जमलं. आता विकायचे कसे?

फोटोग्राफी म्हटलं की मेडशी, मालेगाव, पातूर या पट्ट्यातल्या आईवडिलांच्या डोळ्यांसमोर एकच धंदा येतो: लग्नाच्या ऑर्डरी. तुळशीचं लग्न झालं की धावपळ, पावसाळ्यात हातावर हात, आणि अल्बमचे राहिलेले पैसे मागायला वरपक्षाच्या दारी चकरा. त्यामुळे मुलानं किंवा मुलीनं "मला फोटोग्राफी करायची आहे" म्हटलं की घर गप्प होतं. "सर, पोरगं कॅमेरा मागून रायलं, काय करावं?" हा प्रश्न निकालाच्या मोसमात हमखास येतो आणि त्यामागची काळजी खरी असते. सोयाबीनच्या भावावर ज्या घराचं वर्ष ठरतं, त्या घरात साठ-सत्तर हजारांचा कॅमेरा म्हणजे पुढच्या हंगामाचं बियाणं आणि खत.

या लेखात लग्नाच्या कामाबद्दल फारसं बोलणार नाही. एक वेगळी वाट सांगायची आहे, जिची माहिती आपल्या भागात जवळजवळ कुणी देत नाही. आपल्या मनानं, आपल्या नजरेनं काढलेल्या फोटोंच्या चांगल्या प्रिंट करायच्या आणि कला महोत्सव, हस्तकला मेळे, प्रदर्शनं अशा उघड्यावरच्या ठिकाणी स्टॉल लावून त्या विकायच्या. माझं मत आधीच सांगून टाकतो. हे काम सुरू करायला महागडा कॅमेरा लागत नाही. चांगली प्रिंट, आपल्या मुलखाची जवळून ओळख आणि अनोळखी गिऱ्हाइकाशी बोलायची तयारी लागते. आणि पहिली दोन-तीन वर्षं तरी त्याकडे जोडधंदा म्हणूनच पाहायचं. शिक्षण सोडून, कर्ज काढून यात उडी घेऊ नये.

महाराष्ट्रात उघड्यावर कला विकण्याची सर्वांत ओळखीची जागा म्हणजे मुंबईचा काळा घोडा परिसर. जहांगीर कलादालन 1952 साली सुरू झालं. तिथं दालन मिळवायचं तर निवड समितीपुढे काम ठेवावं लागतं आणि निवड झाली तरी तारखेसाठी वर्षानुवर्षं थांबावं लागतं. पण त्याच कलादालनाबाहेरच्या फुटपाथवर चित्रकार आपली चित्रं मांडून बसतात. येणारे-जाणारे थांबतात, बघतात, भाव विचारतात, काही घेऊनही जातात. याच भागात 1999 पासून काळा घोडा कला महोत्सव भरतो. जानेवारीअखेर-फेब्रुवारीच्या सुमारास नऊ दिवस चालणाऱ्या या महोत्सवात रस्त्यावर मोठमोठ्या कलाकृती उभ्या असतात आणि स्टॉलच्या रांगा लागतात. स्टॉलसाठी काही महिने आधी अर्ज करावा लागतो, मालाचे फोटो द्यावे लागतात, निवड होते आणि भाडंही भरावं लागतं. पहिल्याच वर्षी तिथं स्टॉल घेण्याचा विचार करू नका. पहिल्या वर्षी फक्त बघायला जा. अकोल्याहून रात्रीची गाडी धरली तर सकाळी मुंबई. दोन दिवस निव्वळ स्टॉल बघत फिरा. कुणाच्या स्टॉलवर माणसं थांबतात, कुणाच्या स्टॉलवरून नुसती पुढे जातात, काय हातात घेतात आणि काय परत ठेवतात, हे वहीत लिहून काढा.

बंगळूरची चित्र संते अशीच बघण्याजोगी. कर्नाटक चित्रकला परिषदेनं 2003 साली सुरू केलेला हा एक दिवसाचा बाजार जानेवारीत कुमार कृपा रस्त्यावर भरतो. हजाराहून जास्त कलाकार रस्त्याच्या दोन्ही बाजूंना आपलं काम मांडतात आणि सामान्य माणसाच्या खिशाला परवडेल अशा किमतीला विकतात. अमेरिकेत ही प्रथा आणखी मुरलेली आहे. मिशिगन राज्यातल्या ॲन आर्बर गावचा कला मेळा 1960 पासून दर उन्हाळ्यात रस्त्यावर भरतो. तिकडच्या अशा मेळ्यांत दहा फूट बाय दहा फुटांचा तंबू हे स्टॉलचं ठरलेलं माप, आणि फोटोग्राफी हा चित्रकला, मातीकाम, दागिने यांच्या बरोबरीचा स्वतंत्र विभाग असतो. अर्ज करताना कामाच्या फोटोंबरोबर मांडलेल्या स्टॉलचाही फोटो मागतात. मांडणी हाही कामाचाच भाग धरला जातो, हे आपल्याकडच्या मुलांनी मनावर घ्यावं.

पण मुंबई-बंगळूर पुढची गोष्ट. मेडशी अकोला-वाशिम-हिंगोली महामार्गावर आहे. हा रस्ता आपला फायदा आहे. एका बाजूला अकोला, दुसऱ्या बाजूला वाशिम. अकोल्यात डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचं कृषी प्रदर्शन पंजाबरावांच्या जयंतीच्या, म्हणजे 27 डिसेंबरच्या सुमारास भरतं. तिथं येणारा माणूस शेतकरी आहे, कृषी केंद्राचा मालक आहे, बियाणं कंपनीचा अधिकारी आहे. भिंतीवर लावायची कलात्मक प्रिंट तो फारशी घेणार नाही, पण बैलजोडीचं, पिकांच्या हंगामाचं सुंदर कॅलेंडर घेईल. कृषी केंद्रवाल्यानं आपल्या दुकानाचं नाव छापून दोनशे कॅलेंडरं मागितली, तर ती एक ऑर्डर दोन दिवसांच्या सुट्या विक्रीला भारी पडते. मात्र कॅलेंडरचं काम दिवाळीआधीच छापखान्यात गेलेलं हवं. जानेवारी अर्धा सरला की तो माल रद्दी.

नागपुरात दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्र आहे. केंद्र सरकारनं 1986 साली उभारलेल्या क्षेत्रीय सांस्कृतिक केंद्रांपैकी हे एक. त्याच्या आवारात हिवाळ्यात ऑरेंज सिटी क्राफ्ट मेळा भरतो. तो मुख्यतः हस्तकलेच्या कारागिरांसाठी आहे, तरी विदर्भातल्या मुलानं तो पाहायलाच हवा. कारण इथं येणारं गिऱ्हाईक घरासाठी काहीतरी हातानं केलेलं, वेगळं घ्यायचं या इराद्यानंच आलेलं असतं. केंद्राच्या कार्यालयात जाऊन वर्षभरात कोणकोणती प्रदर्शनं होतात आणि फोटोंना जागा कशात मिळते, हे सरळ विचारावं. फोनवर अर्धी उत्तरं मिळतात, समोर बसलं की कागद मिळतो.

आणि सर्वांत जवळची शाळा म्हणजे यात्रा. रामनवमीची पोहरादेवी, आपल्याच मालेगाव तालुक्यातली डव्ह्याची नाथनंगे महाराजांची यात्रा. यात्रेत फोटोचा धंदा जुना आहे. पडद्यावर रंगवलेला ताजमहाल, पुढे पुठ्ठ्याची मोटारसायकल, आणि नवीन लग्न झालेली जोडपी रांगेत. मोबाइल आले आणि ते पडदे गेले, पण प्रिंट हातात घ्यायची हौस गेलेली नाही. छोटा फोटो प्रिंटर, बॅटरी आणि एक बरा पडदा एवढ्यावर मित्रांनी मिळून यात्रेत जागच्या जागी फोटो काढून प्रिंट द्यायचा स्टॉल लावला, तर त्यात कला थोडी आणि शिकणं जास्त होतं. गिऱ्हाइकाला हाक कशी मारायची, सुटे पैसे, क्यूआर कोडवर पैसे आले की नाही ते बघणं, रुसलेल्या लेकराला हसवणं, म्हाताऱ्या आजीला नीट बसवणं. दिवसभर उभं राहून हे केलेला मुलगा पुढे कुठल्याच मेळ्यात बुजत नाही. जागेसाठी ग्रामपंचायतीची किंवा संस्थानची परवानगी आधी घ्यावी, पावती जपून ठेवावी.

आता मूळ मुद्दा. विकायचं काय?

लोणारचं विवर सगळ्यांनी काढलंय. काठावर उभं राहून टिपलेला तो गोल हिरवा तलाव, आणि जून 2020 मध्ये पाणी गुलाबी झालं तेव्हाचे फोटो, असं सगळं इंटरनेटवर फुकट पडलेलं आहे. तेच पुन्हा काढून विकायला ठेवलं तर गिऱ्हाईक पुढे जाईल. जे तुमच्याशिवाय दुसऱ्याला सहज काढता येत नाही, तेच विकलं जातं. आणि मेडशीच्या मुलाजवळ असं पुष्कळ आहे. पातूर-मेडशी भागातलं सागाचं जंगल उन्हाळ्यात पानं गाळून उभं असतं आणि पहिल्या पावसानंतर आठवडाभरात ओळखू येत नाही. फेब्रुवारी-मार्चमधला पळस. तुरीच्या शेंगा भरतात तेव्हाचं सकाळचं धुकं. कारंजा-सोहोळच्या अभयारण्यातली काळविटं. पातूरची लेणी. वाशिमचं बालाजी मंदिर आणि पद्मतीर्थ. वाशिम म्हणजे वाकाटकांचं वत्सगुल्म, आणि अजिंठ्याच्या उत्तरकाळातल्या वैभवशाली लेण्यांचा काळ वाकाटकांच्या याच वत्सगुल्म शाखेच्या हरिषेण राजाचा. फोटोमागे दोन ओळींत ही माहिती छापली, तर पुण्या-मुंबईचा माणूस ती वाचायला थांबतो.

पोळ्याचंच बघा. सगळे जण सजवलेल्या बैलांचा समोरून फोटो काढतात: बाशिंग, झूल, गोंडे, रंगवलेली शिंगं. त्यात वाईट काही नाही, पण असे फोटो हजारो आहेत. तुम्ही आदल्या दिवशी संध्याकाळी गोठ्यात जा. घरधनी बैलाच्या खांद्यावर तूप-हळद लावून शेकतो, वर्षभर जू वाहून घट्टा पडलेल्या जागेवर हात फिरवतो. त्या हाताचा आणि त्या खांद्याचा जवळून, दारातून येणाऱ्या उजेडात काढलेला एक फोटो. शेतीशी नाळ असलेला माणूस शहरात पंचवीस वर्षं राहिला तरी या फोटोपुढे थांबतो, कारण तो हात त्यानं आपल्या वडिलांचा पाहिलेला असतो. स्टॉलवर पैसे देतो तो हा माणूस. विदर्भातून नोकरीसाठी पुणे, मुंबई, हैदराबादला गेलेली हजारो घरं आहेत आणि त्यांच्या भिंतींवर आपल्या गावाचं काहीच नाही. मेडशीच्या मुलाची बाजारपेठ तिथं आहे.

कॅमेरा कुठला, हे पालक आधी विचारतात. घरात जो बरा मोबाइल आहे तो. कोल्हापूरचा प्रज्वल चौगुले हा सॉफ्टवेअर इंजिनिअर. कोळ्याच्या जाळ्यावरच्या दवबिंदूंचा त्यानं मोबाइलवर काढलेला फोटो 2022 साली ॲपल कंपनीच्या जागतिक मॅक्रो फोटो स्पर्धेत निवडलेल्या दहा फोटोंत आला. कणकवलीचे इंद्रजित खांबे यांनी कोकणातला दशावतार आणि कोल्हापूरच्या तालमीतली कुस्ती टिपली, स्वतःच शिकत नाव केलं, आणि ते कणकवलीतच राहून. आपल्या शेजारचं नाव हवं असेल तर सुधारक ओलवे. अकोल्यात जन्मलेल्या या छायाचित्रकारानं मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांचं जगणं वर्षानुवर्षं टिपलं आणि 2016 साली त्यांना पद्मश्री मिळाली. खांबे आणि ओलवे यांची कामं वेगळी, पण दोघांनीही आपला विषय धरून त्याच्याजवळ बराच काळ घालवला, ही गोष्ट सारखी आहे. मुलांनी ती उचलावी.

गणितही मोबाइलच्या बाजूनं आहे. बारा मेगापिक्सेलचा फोटो म्हणजे साधारण 4000 बाय 3000 ठिपके. तो 12 बाय 18 इंचांवर छापला तरी इंचाला दोनशेहून जास्त ठिपके येतात, आणि हातभर अंतरावरून बघायला ते पुरतात. अट एकच, फोटो उजेडात काढलेला हवा आणि झूम करून कापलेला नको. आणखी एक काळजी घ्या. लॅबला फोटो व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा पाठवू नका, त्यात तो दाबला जातो. डॉक्युमेंट म्हणून पाठवा किंवा पेनड्राइव्हवर न्या.

प्रिंटबद्दल मात्र काटकसर नको. आपल्याकडे छापणं म्हटलं की फ्लेक्स. वाढदिवसाचा फलक आणि भिंतीवर दहा वर्षं राहायची प्रिंट यांत फरक आहे, आणि गिऱ्हाइकाच्या हाताला तो लगेच कळतो. अकोला, अमरावती, नागपूरच्या चांगल्या लॅबमध्ये जा. तोच एक फोटो चकचकीत, मॅट आणि जाड कॉटन कागदावर लहान आकारात छापून घ्या आणि तिन्ही नमुने बाहेर उन्हात धरून पाहा. उघड्यावरच्या स्टॉलवर चकचकीत कागद आणि काच दोन्ही त्रास देतात, कारण फोटोऐवजी समोरच्याचं तोंड दिसतं. मॅट कागद, भोवती पांढरा ॲसिड-फ्री माउंट, मागे कडक पुठ्ठा आणि वर पारदर्शक पाकीट. असा माल हलका, सांभाळायला सोपा, आणि गिऱ्हाइकाला बसमधूनही नेता येतो. फ्रेम केलेले दोन-चार नग फक्त वर लटकवण्यासाठी असू द्या. काचेच्या फ्रेमांचं ओझं घेऊन मेडशीहून निघालात तर प्रवासातच दोन फुटतील.

स्टॉलची मांडणी हा मोठा विषय आहे, पण तो बघूनच येतो. दोन-तीन गोष्टी सांगतो. मागच्या बाजूला साधं, एकरंगी कापड. डोळ्यांच्या उंचीवर सर्वांत चांगली मोठी प्रिंट, एकच. खाली टेबलावर एका खोक्यात उभ्या लावलेल्या 8 बाय 12 च्या प्रिंट, म्हणजे माणूस एकेक पुढे सारत बघतो. बघता बघता तो थांबतो आणि बोलायला सुरुवात करतो. समोर पोस्टकार्डं. मोठी प्रिंट न घेणारा माणूस चाळीसचं पोस्टकार्ड घेतो आणि तुमचं नाव घरी नेतो. विषय एकच ठेवा, फार तर दोन. पळस, पोळा, काळवीट, सूर्यास्त, मित्राचं मांजर असं सगळं एका टेबलावर मांडलं की कुणालाच काही आठवत नाही. आणि हवा. हिवाळ्यात दुपारनंतर अचानक वारा सुटतो, हलका मंडप उचलला जातो. चारही पायांना वाळूच्या पिशव्या बांधा. प्लास्टिकची ताडपत्री कायम टेबलाखाली हवी. यात्रेतला स्टॉल सोडला तर मार्चनंतर विदर्भात उघड्यावर स्टॉल लावण्याच्या भानगडीत पडू नका. त्या उन्हात रंगही उडतात आणि माणसंही फिरकत नाहीत.

गिऱ्हाईक काय विचारतं, हे आधी माहीत असलं की बरं. "हा फोटो तुम्हीच काढला का?" "कुठला आहे?" "मोबाइलवर काढला का?" आणि मग, "असा तर मीही काढला असता." या शेवटच्या वाक्यावर रागवायचं नाही. "काढा ना, फार छान सकाळ असते तिथं, ऑक्टोबरात या," असं म्हणून जागा सांगायची. गोष्ट सांगणाऱ्याकडून माणूस वस्तू घेतो. आणि स्टॉलवर बसून मोबाइल बघत राहिलेल्या मुलाकडून कुणीच काही घेत नाही.

किंमत. इथं मुलं सर्वांत जास्त घाबरतात. एक नमुना हिशेब देतो, आकडे समजुतीसाठी आहेत, तुमच्या लॅबचे भाव तुम्ही टाका. समजा 12 बाय 18 ची चांगली प्रिंट 250 रुपयांत झाली, माउंट-पुठ्ठा-पाकीट 150. नग पडला 400 ला. दोन दिवसांचं स्टॉलभाडं 3000, प्रवास-मुक्काम-जेवण 3000. वीस नग विकले गेले तर वरच्या खर्चाचे नगामागे 300 पडले, म्हणजे 700. तुम्ही 1400 ला विकलात तर हातात 14,000 राहिले. पण आठच विकले गेले तर वरचा खर्च नगामागे 750, एकूण 1150, आणि हातात राहिले फक्त 2,000. शिवाय न विकलेल्या मालात अडकलेले पैसे वेगळे. हा दुसरा हिशेब आधी करायचा आणि तो झेपत असेल तरच निघायचं. 600 ला विकायला बसलात तर वीस नग विकूनही 2,000 घरून घालावे लागतात आणि आठच विकले तर त्याहून जास्त. त्यामुळे केवळ भीतीपोटी भाव पाडू नका. स्वस्तात हवं असेल त्याच्यासाठी लहान आकार आणि पोस्टकार्ड आहेतच. एखाद्या फोटोच्या पंचवीसच प्रिंट काढणार असाल तर प्रत्येकीच्या खाली पेन्सिलनं क्रमांक आणि सही करा, वहीत नोंद ठेवा, आणि शब्द पाळा. सव्विसावी काढली तर आधीच्या पंचवीस जणांचा विश्वास मोडतो.

मेळ्यातली विक्री ही अर्धीच कमाई असते. उरलेली नंतर येते. एखादा डॉक्टर कार्ड घेऊन जातो आणि दोन महिन्यांनी दवाखान्याच्या प्रतीक्षाकक्षासाठी सहा मोठ्या प्रिंट मागतो. महामार्गावरचं नवं हॉटेल, बँकेची शाखा, वकिलाचं ऑफिस, सगळ्यांना भिंती आहेत. म्हणून येणाऱ्याचं नाव आणि नंबर, त्याच्या संमतीनं, वहीत लिहून घ्या आणि आठवड्याच्या आत एक साधा निरोप पाठवा.

कायद्याच्या चार गोष्टी पालकांनीही वाचाव्यात. भारतीय कॉपीराइट कायदा 1957 चा आहे. आपण आपल्या मनानं काढलेल्या फोटोचा हक्क आपला. पण कुणी पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, पैसे देणारा असतो. म्हणजे लग्नाच्या ऑर्डरीतला नवरीचा सुंदर फोटो स्टॉलवर विकायला ठेवता येत नाही. यात्रेत, तांड्यावर, शेतात माणसांचे फोटो काढताना विचारा, विकणार आहोत हे सांगा, शक्यतो लेखी संमती घ्या आणि एक प्रिंट त्यांना नेऊन द्या. बंजारा बायांच्या आरसेकामाच्या पोशाखाचे फोटो बाहेर चांगले विकले जातात, म्हणून हे मुद्दाम लिहितो. ती बाई कुणाच्या भिंतीवर जाणार आहे हे तिला माहीत असलंच पाहिजे. लहान मुलांच्या बाबतीत आईबापांना विचारल्याशिवाय काहीच नाही. अभयारण्यात वनविभागाचे नियम पाळा, तिथं ड्रोन उडवू नका. संरक्षित स्मारकांत व्यावसायिक चित्रीकरणाला परवानगी लागते. जीएसटीचं म्हणाल तर राज्यातल्या राज्यात माल विकणाऱ्याला वर्षाची उलाढाल 40 लाखांपर्यंत नोंदणीची सक्ती नाही. राज्याबाहेरच्या मेळ्यात विकायला जाताना मात्र नियम बदलतात, तेव्हा बंगळूरचा अर्ज भरण्याआधी सीएला विचारा. उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि मोफत होते. त्यासाठी कुणाला पैसे देऊ नका.

शिक्षणाचं काय? दहावीनंतर आयटीआयमध्ये डिजिटल फोटोग्राफर हा एक वर्षाचा ट्रेड आहे. कोणत्या आयटीआयमध्ये जागा आहेत ते प्रवेशाच्या वेळी पाहावं. शाळेत असतानाच कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षा द्याव्यात. त्यानं हात आणि नजर दोन्ही तयार होतात, आणि इंटरमिजिएटचे वाढीव गुण दहावीत मिळतात. बारावीनंतर बीएफए करायचं तर राज्याची कला सीईटी द्यावी लागते. मुंबईचं जे. जे. स्कूल ऑफ आर्ट 1857 पासून चालू आहे, आणि नागपूरचं शासकीय चित्रकला महाविद्यालय आपल्याला जवळ. उपयोजित कलेत फोटोग्राफी शिकवतात आणि त्याबरोबर मांडणी, अक्षर, जाहिरात हेही येतं, जे स्टॉलवर रोज लागतं. पुण्याची एफटीआयआय ही चित्रपट प्रशिक्षण संस्था फोटोग्राफीचे छोटे अभ्यासक्रम घेते. पदवीनंतर गांधीनगरच्या एनआयडी या डिझाइन संस्थेत फोटोग्राफी डिझाइनचं पदव्युत्तर शिक्षण आहे. खासगी संस्थांचे लाखांतले डिप्लोमा घेण्याआधी तिथून बाहेर पडलेल्या मुलांना भेटा, जाहिरातीवर जाऊ नका. आणि ज्यांना बाहेरगावी पाठवणं शक्य नाही, त्यांनी वाशिम-अकोल्यात बी.कॉम. करत हे काम केलं तरी मला ते तितकंच पटतं. हिशेब, बिल, बँक, कर येणारा फोटोग्राफर कमी दिसतो आणि तोच टिकतो.

काही पालकांना वाटतं, हे आपल्या लोकांचं काम नव्हे, शहरी हौस आहे. त्यांच्यासाठी एवढंच सांगतो की मुंबईत 1854 साली स्थापन झालेल्या फोटोग्राफिक सोसायटीच्या सुरुवातीच्या मंडळींत डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे होते, आणि एल्फिन्स्टन संस्थेच्या फोटोग्राफीच्या वर्गात शिकलेल्या हरिश्चंद्र चिंतामण यांनी पुढे मुंबईत स्वतःचा स्टुडिओ चालवला. कॅमेरा या देशात आला त्याच काळात मराठी माणसानं तो धरला आणि त्यावर पोटही भरलं.

आता पैशाची मर्यादा. माझा सल्ला असा की पालकांनी एक ठरावीक रक्कम बाजूला काढावी, जी बुडाली तरी घर हलणार नाही. त्यात प्रिंट, माउंट, एका मेळ्याचं भाडं आणि प्रवास बसला पाहिजे. कॅमेऱ्याचा खर्च त्यात धरू नका. कॅमेरा विकलेल्या प्रिंटच्या पैशांतून येऊ द्या, नाहीतर लग्नाच्या मोसमात एखाद्या फोटोग्राफरकडे हाताखाली काम करून येऊ द्या. मुद्रा योजनेत शिशु गटात 50,000 रुपयांपर्यंत कर्ज मिळतं हे खरं, पण दोन मेळ्यांचा हिशेब वहीत उतरल्याशिवाय बँकेची पायरी चढू नका. मुलानं प्रत्येक मेळ्यानंतर खर्च, विक्री, कुठला फोटो किती वेळा हातात घेतला गेला आणि कुठला कुणीच पाहिला नाही, हे लिहून घरी दाखवावं. दोन हिवाळे गेले आणि वही तोटाच दाखवत असेल तर विक्री थांबवावी, फोटो काढणं चालू ठेवावं. त्या वयात गमावण्यासारखं फारसं काही नसतं, आणि एवढं शिकलेलं मूल जाहिरात, वर्तमानपत्र, दुकानदारी कुठंही उपयोगी पडतं.

आईवडिलांना एक विनंती. पहिल्या मेळ्याला मुलाबरोबर, मुलीबरोबर तुमच्यापैकी एकानं जा. राहण्याची सोय आधी पक्की करा, रात्री स्टॉलवरचा माल कोण सांभाळणार हे आयोजकांना विचारा, आणि दिवसभर टेबलामागे बसा. गल्ल्याचे पैसे तुम्ही मोजा, बोलणं मात्र मुलाला करू द्या. येत्या हिवाळ्यासाठी वेळ आहे. या आठवड्यात घरातल्या मोबाइलमधले दहा फोटो निवडा आणि अकोल्याच्या लॅबमध्ये छापायला टाका.